पाईप तुंबवण्याची प्रयोगशाळा

पाईप तुंबणं म्हणजे काय, हे हॉस्टेलवर राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. मेसच्या मागची मोरी, तिसऱ्या मजल्यावरचं बेसिन आणि त्यावर ‘प्लंबरला सांगितलंय’ हे ठरलेलं उत्तर! या लेखातला पाईप मात्र समुद्राच्या तळाशी आहे, हजारेक मीटर पाण्याखाली, आणि त्यातून नैसर्गिक वायू वाहतो. तोही तुंबतो. तुंबवणारा पदार्थ दिसायला बर्फासारखा, पण दाबाखाली दहा-बारा अंश सेल्सियसलाही न वितळणारा, आणि काडी लावली तर चक्क पेट घेणारा. त्याचं नाव गॅस हायड्रेट. तिथे प्लंबर पाठवता येत नाही. म्हणून जगात काही प्रयोगशाळा अशा आहेत, जिथे माणसं भरपूर खर्च करून मुद्दाम पाईप तुंबवत बसतात. ती यंत्रं कशी असतात, प्रत्येक यंत्र काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, ते पाहू.

आधी हायड्रेट म्हणजे काय ते थोडक्यात. पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरून पिंजरे तयार करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात वायूचा एखादा रेणू अडकतो. वायू आणि पाणी यांच्यात रासायनिक बंध नसतो. पण आत पाहुणा असल्याशिवाय पिंजरा उभाच राहत नाही. मिथेन हायड्रेटमध्ये पाण्याच्या ४६ रेणूंमागे ८ पिंजरे असतात, २ लहान आणि ६ मोठे. एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर साध्या दाबाला साधारण १६० घनमीटर वायू बाहेर पडतो. म्हणूनच हा ‘बर्फ’ जळतो. वायूत थोडा प्रोपेन असेल तर पिंजऱ्यांची वेगळीच रचना होते, आणि ती मिथेनच्या निम्म्याहूनही कमी दाबाला तयार होऊ शकते. खऱ्या विहिरीतल्या वायूत प्रोपेन बहुधा असतोच, हे लक्षात ठेवा.

सर हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीनचं हायड्रेट १८१० च्या सुमारास ओळखलं. पुढची सव्वाशे वर्षं हा पदार्थ म्हणजे रसायनशास्त्रज्ञांचं खेळणं होतं. १९३४ साली अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं, की वायूच्या पाईपलाईनी तुंबवणारा पदार्थ साधा बर्फ नसून हायड्रेट आहे. खेळणं संपलं, इंजिनियरांची डोकेदुखी सुरू झाली.

हायड्रेटला चार गोष्टी लागतात: वायू, पाणी, दाब आणि थंडी. शुद्ध मिथेन ४ अंशाला साधारण ३९ बार दाबाखाली हायड्रेट बनवतो. खोल समुद्राच्या तळाशी तापमान ४ अंशांच्या आसपास असतं आणि पाईपमधला दाब १०० बार सहज असतो. १०० बारला मिथेनचं हायड्रेट सुमारे १३ अंशांपर्यंत टिकतं. म्हणजे पाईप धोक्याच्या रेषेच्या तब्बल ९ अंश आत आहे! आपलं मुंबई हाय या बाबतीत नशीबवान. तिथे पाणी जेमतेम ८० मीटर खोल आणि तळाशीही बऱ्यापैकी उबदार. २० अंशाला शुद्ध मिथेनचं हायड्रेट व्हायला २०० बारच्या वर दाब लागतो. अर्थात उथळ पाण्यातही व्हॉल्व्हमधून वायू एकदम प्रसरण पावला की थंड होतो (थर्मोडायनॅमिक्सच्या व्हायव्हातला जूल-थॉमसन परिणाम तो हाच), त्यामुळे गाफील कुठेच राहता येत नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रात एप्रिल २००९ मध्ये खोल समुद्रातून वायू काढायला सुरुवात झाली, तेव्हा आपल्याकडेही हा प्रश्न पुस्तकातून बाहेर आला.

हायड्रेटचा हिसका सगळ्या जगाने पाहिला तो २०१० साली. एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या ड्रिलिंग रिगवर स्फोट झाला, ११ माणसं गेली आणि दीड हजार मीटर खोलवरून तेल समुद्रात उसळू लागलं. मे महिन्यात सुमारे १०० टनांचा पोलादी घुमट गळतीवर नेऊन ठेवायचा प्रयत्न झाला. कल्पना सोपी: वर उपडं पातेलं ठेवा आणि तेल नळीने वर ओढा. पण बाहेर पडणारा वायू थंड पाण्यात मिसळला, घुमटाच्या आत हायड्रेट साचलं आणि वरचं तोंड बंद झालं. शिवाय हायड्रेट पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे एवढा मोठा घुमट तरंगण्याची भीती निर्माण झाली. शेवटी तो बाजूला काढून ठेवावा लागला. विहीर बंद व्हायला जुलैचा मध्य उजाडला.

आता प्रयोगशाळेत जाऊ.

दाबाचं भांडं

सगळ्यात जुनं आणि आजही सगळ्यात जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे हाय-प्रेशर ऑटोक्लेव्ह. आपल्या प्रेशर कुकरचा खूप थोरला भाऊ समजा. स्टेनलेस स्टीलचं जाड भिंतींचं भांडं, आत काहीशे मिलिलिटर ते काही लिटर जागा. भोवती जॅकेट, त्यातून चिलरमधलं ग्लायकॉल-पाणी फिरतं. तापमानासाठी प्लॅटिनम थर्मामीटर, दाबासाठी ट्रान्सड्यूसर, आणि दोन्ही डेटा लॉगरला जोडलेले. ढवळायला स्टरर असतो, पण त्याचा दांडा झाकणातून आरपार नेत नाहीत. १०० बारला तिथून वायू गळेल. म्हणून बाहेरचा चुंबक फिरतो आणि त्याच्या ओढीने आतला पंखा फिरतो. काही भांड्यांना सफायरची खिडकी असते. सफायर म्हणजे नीलमण्याच्याच जातीचं, पण कारखान्यात वाढवलेलं पारदर्शक स्फटिक. साधी काच का नाही? हिशोब करा. अडीच सेंटीमीटर व्यासाच्या खिडकीचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटीमीटर. १०० बारला त्यावर जवळपास ५०० किलो भार येतो. चिमुकल्या खिडकीवर अर्धा टन!

प्रयोग असा चालतो. भांड्यात पाणी घालतात, व्हॅक्यूम पंपाने हवा काढतात, मिथेन भरतात आणि व्हॉल्व्ह बंद. आता आकारमान ठरलेलं. हळूहळू थंड करायचं आणि दाब-तापमानाचा आलेख पाहत बसायचं. सुरुवातीला दाब सरळ रेषेत उतरतो, कारण वायू फक्त आकसतोय. धोक्याची रेषा ओलांडली तरी काहीच होत नाही! रेषा तशीच सरळ पुढे जाते. मग केव्हातरी, कुठलीही सूचना न देता, दाब धाडकन खाली येतो, तापमान किंचित वर उडी मारतं आणि खिडकी पांढुरकी होते. वायू पिंजऱ्यात शिरलाय आणि जाताना उष्णता सोडून गेलाय.

इथे नवखा विद्यार्थी खूश होऊन तो आकडा लिहून घेतो. तो आकडा उपयोगाचा नाही. हायड्रेट कधी सुरू झालं हा बराचसा नशिबाचा भाग आहे. खरा आकडा मिळतो परतीच्या वाटेवर. आता भांडं अगदी सावकाश तापवायचं, अंशाच्या लहान लहान भागांनी, आणि प्रत्येक पायरीवर तासन्‌तास थांबायचं. हायड्रेट वितळत जातं, दाब चढत जातो, आणि एका ठिकाणी हा चढता आलेख सुरुवातीच्या उतरत्या रेषेला येऊन मिळतो. तो बिंदू म्हणजे हायड्रेटचा शेवटचा कण गेल्याचा क्षण, आणि तोच समतोलाचा बिंदू. घाईने तापवलं तर हायड्रेट मागे रेंगाळतं आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त तापमानाचं येतं. एका बिंदूला एक-दोन दिवस तरी जातात. आपल्या प्रॅक्टिकलला अडीच तासांत आलेख संपवून सह्या घेण्याची सवय असलेल्यांनी याची जरूर नोंद घ्यावी.

या वक्रावरूनच औषधाचा डोस ठरतो. मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल पाण्यात मिसळलं की हायड्रेट बनण्याचं तापमान खाली येतं. किती खाली, याचं हॅमरश्मिट यांचंच सूत्र आहे: १२९७ ला मेथॅनॉलच्या वजनी टक्क्यांनी गुणा, आणि मेथॅनॉलचा रेणुभार ३२ गुणिले (१०० वजा टक्के) याने भागा. वरच्या उदाहरणात ९ अंशांची सूट हवी. गणित केलं तर सुमारे १८ टक्के येतात. म्हणजे वायूबरोबर येणाऱ्या दर १०० किलो पाण्यामागे २० किलोच्या वर मेथॅनॉल, तेही काठावर बसण्यापुरतं. शिवाय काही मेथॅनॉल वायूबरोबर उडून जातं ते वेगळं. रोज, वर्षानुवर्षं, समुद्राच्या तळाशी. खर्चाचा अंदाज तुमचा तुम्ही बांधा.

हलणारे सेल आणि लहरी वेळ

मेथॅनॉलचा खर्च टाळायचा तर दुसरा विचार असा: हायड्रेट होईना का, पण पाणी पाईपमधून बाहेर पडेपर्यंत लांबवता आलं तरी पुरे. पीव्हीपी, पीव्हीकॅप अशा पॉलिमरांचा एखादा टक्का हे काम करतो. पण ते किती वेळ थांबवतात हे मोजायचं कसं? वर म्हटलं तसं, सुरुवात लहरी असते. तेच पाणी, तोच वायू, तेच तापमान, तरी एक दिवस अर्ध्या तासात हायड्रेट होतं आणि दुसऱ्या दिवशी काही तास वाट पाहायला लावतं. त्यात आणखी एक गंमत म्हणजे पाण्याची ‘आठवण’. नुकतंच हायड्रेट वितळलेलं पाणी पुन्हा थंड केलं तर ते लवकर हायड्रेट बनवतं. का, यावर अजून एकमत नाही. म्हणून दोन प्रयोगांच्या मध्ये पाणी चांगलं गरम करून ही आठवण पुसावी लागते.

एकाच भांड्यात पन्नास वेळा प्रयोग करायचा तर वर्ष जाईल. त्यावर उपाय म्हणजे रॉकिंग सेल. बोटभर लांबीच्या पाच-दहा नळ्या एका थंड बाथमध्ये आडव्या बसवलेल्या आणि सगळ्या पाळण्यासारख्या डाव्या-उजव्या हलणाऱ्या. प्रत्येक नळीत पाणी, तेल, दाबाखालचा वायू आणि एक स्टीलची गोळी. नळी कलली की गोळी घरंगळते. जाड होत गेलेल्या द्रवातून ती मंदावते, आणि हायड्रेट घट्ट झालं की अडकते. गोळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ सेन्सर मोजतो. इतकं साधं यंत्र, पण नवं रसायन आलं की बहुतेक ठिकाणी पहिली परीक्षा इथेच होते.

मात्र मर्यादाही बघा. पाईपलाईनमध्ये भिंत खरवडत फिरणारी गोळी नसते. इथे पास झालेलं रसायन समुद्रात पास होईलच असं नाही. इथे नापास झालेलं मात्र पुढे न्यायचं नाही, एवढं नक्की.

चिकटतं की वाहतं?

गेल्या काही दशकांत प्रश्नच थोडा बदलला. हायड्रेट होणं आणि पाईप तुंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रेटचे कण सुटे सुटे राहून तेलाबरोबर वाहत गेले तर बिघडलं कुठे? साबुदाणा खिरीत पोहतो तोवर ठीक, त्याचा गोळा झाला की पंचाईत. तेव्हा मोजायला हवा तो कणांचा चिकटपणा.

अमेरिकेत कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समध्ये यासाठी जे यंत्र वापरतात ते मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक काचतंतू, प्रत्येकाच्या टोकाला हायड्रेटचा एकेक कण. दोन्ही कण एकमेकांना टेकवायचे आणि मग हळूच ओढायचे. सुटण्याआधी काचतंतू किती वाकला ते मोजायचं. तंतूचा स्प्रिंग स्थिरांक माहीत असतो, त्यामुळे बल लगेच निघतं. अकरावीतला हूकचा नियम! उच्च दाब टाळायचा म्हणून बऱ्याचदा सायक्लोपेंटेनचं हायड्रेट घेतात, कारण ते साध्या हवेच्या दाबाला ७.७ अंशांपर्यंत टिकतं. या प्रयोगांतून कळलं, की कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा ओला थर असला की दोन कणांमध्ये पाण्याचा पूल तयार होतो आणि चिकटपणा वाढतो. कण चिकटू न देणाऱ्या रसायनांचा परिणामही इथे थेट दिसतो. पण दोन कण म्हणजे पाईप नव्हे.

म्हणून शेवटी खरा पाईपच घ्यावा लागतो. त्याला म्हणतात फ्लो लूप: गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळणारा पाईप, थंड पाण्याच्या जॅकेटमध्ये किंवा थंड खोलीत ठेवलेला. फ्रान्समध्ये लिऑनजवळ २ इंची, १४० मीटर लांबीचा लूप आहे. ह्यूस्टनमध्ये जवळपास ४ इंची, ९५ मीटरचा होता. आत तेल, पाणी आणि वायू फिरवत थंड करायचं आणि दोन ठिकाणच्या दाबातला फरक पाहायचा. हायड्रेट सुरू झालं की फरक हळूहळू वाढतो, मग आलेख दातेरी होतो, मग प्रवाह थांबतो. झालं, पाईप तुंबला!

पण इथे एक खोच आहे. द्रव फिरवायला पंप लागतो, आणि पंप हायड्रेटच्या गुठळ्या भरडून टाकतो. खऱ्या पाईपलाईनमध्ये वाटेत असा मिक्सर नसतो. ही अडचण लोकांनी ज्या ज्या तऱ्हांनी सोडवली त्या बघण्यासारख्या आहेत. सेंत-एतिएन या फ्रेंच गावातल्या खाणकाम महाविद्यालयात उभ्या पाईपमध्ये खालून वायू सोडतात. त्याने द्रव हलका होऊन आपोआप वर चढतो. अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठात अख्खा लूप एका मोठ्या फळीवर बसवून ती फळीच सी-सॉसारखी हलवली, आत द्रव वाहायला लागला. नॉर्वेत ट्रॉन्हाइमच्या मंडळींनी तर कमालच केली: पाईपचं चाक बनवलं, अर्धवट भरलं आणि चाक फिरवलं. द्रव खाली आपल्या जागी राहतो आणि पाईप त्याच्या भोवतून जातो! चाक फिरवायला किती जोर लागतो त्यावरून आतला द्रव किती घट्ट झाला ते कळतं.

तरीही लूपमध्ये तेच पाणी आणि तोच वायू पुन्हा पुन्हा फिरत असतो. समुद्रातल्या पाईपमध्ये प्रत्येक थेंब एकदाच जातो. आणि १०० मीटरवरून ६० किलोमीटरचं भाकीत करायचं म्हणजे सहाशे पटींची उडी. ती मारायला गणिती मॉडेल लागतात, आणि मॉडेलमधले स्थिरांक येतात वरच्या छोट्या यंत्रांतून. कुठलंही एक यंत्र पाईपलाईन नसतं. प्रत्येकजण पाईपलाईनमधलं काहीतरी बाजूला ठेवतो, तेव्हा कुठे उरलेलं नीट दिसतं. लूपवरचा एक धडा मात्र थेट कामाचा ठरला: चालू प्रवाहापेक्षा बंद पडलेली लाईन पुन्हा सुरू करताना धोका जास्त. बंद काळात पाणी पाईपच्या खोलगट भागांत साचतं, लाईन थंड होते, आणि सुरू करताच वायू त्या पाण्यातून उसळत जातो.

तुंबलेला पाईप उघडताना

आता सगळ्यात गंभीर भाग. तुंबलेला पाईप मोकळा करायचा साधा उपाय म्हणजे दाब कमी करणं, हायड्रेट वितळतं. पूर्वी समज असा, की बुच दोन्ही टोकांकडून झिजत जातं, मेणबत्तीसारखं. प्रयोगशाळेत छोट्या पाईपमध्ये बुचं बनवून, वितळताना मध्येच उघडून पाहिली, तेव्हा वेगळंच दिसलं. उष्णता पाईपच्या भिंतीतून आत येते, त्यामुळे बुच आधी भिंतीपासून सुटतं आणि मधला दांडा शिल्लक राहतो. आता विचार करा, दाब फक्त एकाच बाजूचा काढला असेल तर? ३० सेंटीमीटरच्या पाईपमध्ये दोन बाजूंत १० बारचा फरक म्हणजे त्या सुट्या दांड्यावर सुमारे ७ टनांचा जोर. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि पहिल्याच वळणावर पाईप फोडून बाहेर येऊ शकतो. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. म्हणून शक्य असेल तिथे दाब दोन्ही बाजूंनी, सारखा आणि सावकाश उतरवायचा, असा नियम आहे.

प्रयोगशाळेतही बेफिकिरी चालत नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट पाहत असतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ लावतात, एलपीजीचा जमिनीजवळ. भांड्याला रप्चर डिस्क हवीच, आणि खिडकीला डोळा लावून पाहायचं नाही, कॅमेरा लावायचा. बंद भांड्यातलं हायड्रेट घाईने गरम केलं तर त्यातला वायू कुठे जाणार, हे १६० च्या आकड्यावरून तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे पनवेलला ओएनजीसीचं गॅस हायड्रेट संशोधन केंद्र आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हायड्रेटवर काम झालं आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळाखालच्या नैसर्गिक हायड्रेटचा शोध घेतला आहे. (ते साठे इंधन म्हणून वापरता येतील का, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) इंटर्नशिप शोधणाऱ्यांनी चौकशी करायला हरकत नाही.

आणि ज्यांना इथेच काही करून पाहायचंय त्यांच्यासाठी: टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफ, हा द्रव पाण्यात पूर्ण मिसळतो आणि त्याचं हायड्रेट साध्या दाबाला साधारण ४.४ अंशांपर्यंत टिकतं. ऑटोक्लेव्ह नको, सिलिंडर नको. ८१ ग्रॅम पाण्यात १९ ग्रॅम टीएचएफ, म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे सतरा, हे बरोबर प्रमाण. इथे वायूला पाण्यात शिरायचे कष्ट नसतात, त्यामुळे ही पाईपलाईनची नक्कल नव्हे, हे रिपोर्टात लिहायला विसरू नका. टीएचएफ फार ज्वालाग्राही आहे आणि जुन्या बाटलीत त्याचे स्फोटक पेरॉक्साइड साचतात. म्हणून ताजी बाटली, फ्यूम हूड, जवळपास ज्योत नाही आणि सर किंवा लॅब असिस्टंट समोर हवेतच. दोन परीक्षानळ्या घ्या, एकीत नुसतं द्रावण, दुसरीत अर्धा टक्का पीव्हीपी घातलेलं. दोन्ही बर्फाच्या पाण्यात ठेवा, अधूनमधून हलवा, आणि कोणती किती मिनिटांनी पांढरी होते ते लिहा. मग बाथ हळूहळू २-३ अंशांवर आणा. साधा बर्फ असता तर एव्हाना वितळला असता. हा वितळत नाही. हे सगळं निदान वीस वेळा करा, दर वेळी नवं द्रावण घेऊन. वीस आकडे एकसारखे येणार नाहीत, आणि जर्नलमध्ये ते तसेच उतरवायचे.